हळदीचा शॉट आणि आपला द्राक्षमणी



आजची नोंद ना फवारणीची, ना खत-पाण्याची. बाग खाली झालीय, खरड छाटणीला अजून दहा-बारा दिवस आहेत, म्हणून जरा निवांत आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या घरात हळद झाली, भावाच्या मुलीची. त्या हळदीत एक गोष्ट चुकली आणि एक जमली. दोन्ही लिहून ठेवतो. आता तिथी सुरू आहेत, कुणाच्या तरी कामी येईल. आणि त्यावरून माझं जे मत झालंय ते पण सांगणार आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या.

सुरुवात अशी झाली. पुतण्या नाशिकला अंबडमध्ये कंपनीत आहे. हळदीच्या चार दिवस आधी तो मोबाईल घेऊन शेडवर आला. "नाना, हे बघा." बघतो तर छोटे छोटे ग्लास, आत लाल-जांभळं काहीतरी भरलेलं, ग्लासाच्या कडेला साखर लावलेली, आणि पोरं-पोरी एका घोटात पिऊन राहिले. याला म्हणे शॉट म्हणतात. फळाचा गोड रस आणि त्यात व्होडका. "घरीच करता येतं नाना. द्राक्षं तर आपलीच आहेत, फक्त दोन-तीन बाटल्या आणाव्या लागतील."

मी तेव्हा पॅकिंगला बसलेलो. शरद सीडलेसचा शेवटचा खुडा होता. शेजारी सुट्या मण्यांच्या चार जाळ्या भरून पडल्या होत्या. त्या मण्यांना त्या दिवशी मला ९ रुपये किलो सांगितले होते. आणि माझ्या खिशात हळदीच्या सामानाची यादी होती. त्यात कोल्ड्रिंकचे २० बॉक्स, ३६० रुपयांप्रमाणे ७ हजार २०० रुपये.

यादी कितीदा तरी वाचली होती, पण त्या वेळी खरी लक्षात आली. वर्षभर ज्या वेलीला पोराबाळासारखं जपलं, गोडी छाटणीपासून जिच्यामागे रात्रीच्या रात्री जागून काढल्या, तिचा मणी मी ९ रुपयांनी घालतोय. आणि माझ्याच दारात आलेल्या पाहुण्याला साखरेचं, रंगाचं, गॅसचं पाणी विकत आणून पाजतोय. बाटलीवर फळाचं चित्र असतं, आत फळ नावाला. ही काही एकट्या माझी गोष्ट नाही. दिंडोरी, निफाड, चांदवड कुठंही लग्नाला जा. बागायतदाराचा मांडव असतो, चहूकडं द्राक्षबागा असतात आणि पाहुण्याच्या हातात बाटली असते. खुडा आणि लग्नसराई एकाच वेळी येतात, फेब्रुवारी ते एप्रिल, तरी आपल्याला हे कधी सुचत नाही.

मी पुतण्याला म्हणलं, शॉट करू. पण बाटली येणार नाही.

तो थोडा नाराज झाला. म्हणाला, "नाना, पिणारे तर तसेही पिणारच आहेत. गाडीच्या डिकीत ठेवून पिण्यापेक्षा समोर प्यायलेलं बरं." त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. मी पण काही संत नाही, तरुणपणी चार ठिकाणी बसलेलो आहे. म्हणून त्याला उपदेश केला नाही, हिशोब सांगितला.

दारू कडवट लागते, घशाला जाळते, म्हणून माणूस सावकाश पितो. तीच दारू गोड रसात घातली की जीभ फसते. दारूचा अंमल चढायला पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात गोड म्हणून माणूस चार-पाच ग्लास घेऊन बसलेला असतो. त्याला वाटतं काहीच झालं नाही, आणि मग एकदम होतं. दुसरं, आपल्या हळदीत बायका असतात, म्हातारी माणसं असतात, दहा-बारा वर्षांची पोरं ट्रे फिरवत असतात. दोन्ही ग्लास दिसायला सारखेच. कोणता ट्रे कुणाच्या हाती गेला हे डीजेच्या आवाजात कोण बघणार? तिसरं, रात्री अकराला हे सगळे मोटारसायकलवर घरी जाणार. आपला वणी-पिंपळगाव रस्ता आणि वणी-सापुतारा रस्ता रात्रीचा कसा असतो ते मी सांगायला नको.

कायद्याचं पण बघा. आपल्या राज्यात वाईन आणि बिअर पिण्याला २१ वर्षं आणि बाकी दारूला २५ वर्षं वय लागतं. कार्यक्रमात दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. आणि "द्राक्षं आपली, भांडं आपलं, मग घरीच वाईन केली तर कोण विचारतं" असं बरेच जण म्हणतात, ते पण चूक आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, मग ती मोहाची असो नाही तर द्राक्षाची. आणि कुठली तरी स्वस्त, नाव-गाव नसलेली दारू आणून रसात मिसळणं म्हणजे तर जिवाशी खेळ. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, त्यात मिथेनॉल होतं. गोड रसात असलं काही मिसळलेलं जिभेला कळणारसुद्धा नाही.

पुतण्यानं ऐकलं. म्हणाला, "ठीक आहे नाना, नुसता रस. पण शॉटच करायचा, मोठा ग्लास नाही." त्याची ही एक गोष्ट मला नंतर फार पटली. का पटली ते पुढं सांगतो.

आता चूक काय झाली ते.

मला वाटलं, रस काढायला अक्कल कशाला लागते. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी ४० किलो मणी निवडले, धुतले, बायांनी हातानं चुरले, साडीच्या धुवट कापडातून गाळले. २३-२४ लिटर रस निघाला. घरातला फ्रीज दूध-पनीरनं भरलेला. म्हणून वीस लिटरच्या दोन प्लास्टिक कॅनमध्ये निम्मा निम्मा ओतला, झाकण घट्ट लावलं आणि शेडच्या कोपऱ्यात ठेवून दिला. मार्चचा महिना, पत्र्याचं शेड. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर दोन्ही कॅन ढोलासारखे फुगलेले. झाकण उघडलं तसा फसकन फेस बाहेर आला.

तेवढ्यात आई आली. ऐंशीच्या पुढं आहे. चाळीस वर्षांपासून गळ्यात तुळशीची माळ आहे, पौष वारीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला अजून जाते. नातीच्या हळदीचा रस म्हणून तिनं आमच्या आधीच पेला भरला आणि घोट घेतला. तोंड वाकडं केलं. म्हणाली, "गोड हाय, पण नाकात जातंय रे. मोहाचा वास येऊ राहिला." तिचं माहेर पेठकडचं. मोहाचा वास तिला लहानपणापासून माहीत.

पेला खाली ठेवला, चूळ भरली आणि काही न बोलता ओट्यावर जाऊन बसली. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं. माळकरी बाईच्या तोंडात मी काय दिलं, हे मनातून दोन दिवस गेलं नाही.

दोन्ही कॅन शेणखताच्या खड्ड्यात ओतले. पुतण्या म्हणत होता थोडं ठेवू. मी ठेवू दिलं नाही.

हे का झालं ते आपण द्राक्षवाल्यांनी तरी समजून घ्यायला पाहिजे. मण्याच्या सालीवर निसर्गतःच किण्व असतं, म्हणजे यीस्ट. मणी अखंड असतो तोवर ते बाहेर आणि साखर आत. मणी फुटला की दोघांची गाठ पडते. किण्व साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. म्हणून कॅन फुगतो. काचेची बाटली घट्ट बंद असली तर फुटून तुकडे उडतात, डोळा जाऊ शकतो. उन्हाळ्याच्या गरमीत हे काम बारा-चोवीस तासांत सुरू होतं. आपल्या २० ब्रिक्सच्या मालाची सगळी साखर संपेपर्यंत हे चाललं तर साधारण ११ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल होऊ शकतं. म्हणजे वाईनच्या जवळपास. एका रात्रीत तेवढं होत नाही, थोडंच होतं. पण सुरू झालेलं असतं, आणि ते पोराबाळांना किंवा माळकऱ्याला देण्यासारखं राहिलेलं नसतं. आईच्या नाकाला जे कळलं ते माझ्या ब्रिक्स मीटरला कळलं नसतं.

मग त्याच दिवशी परत केला. हळद संध्याकाळी सातला. पिंपळगावच्या ओळखीतल्या एकाला फोन केला. तो पूर्वी फळप्रक्रियेचं काम करायचा. त्यानं सांगितलं तसं केलं. आज वर्षभरात चार-पाच वेळा करून हात बसलाय, म्हणून आता रीत नीट सांगतो.

१. माल. काळं द्राक्ष घ्या. शरद, जम्बो, काहीही चालेल. साखर १८ च्या वर उतरलेली असावी. मणी देठापासून सोडवून घ्या, देठ आणि काडी रसात गेली की तुरटपणा येतो. पांढऱ्या द्राक्षाचा, थॉमसनचा किंवा सोनाकाचा पण होतो, पण तो रस लगेच तपकिरी पडतो. त्यात काढल्या काढल्या लिंबू पिळावं लागतं.

२. भांडं. स्टीलचंच घ्या. द्राक्षाचा रस आंबट असतो, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम त्याला चालत नाही.

३. गरम करणं. मणी चुरा आणि सालीसकट मंद आचेवर ठेवा. ६० ते ६५ अंशावर दहा-पंधरा मिनिटं. उकळी येऊ देऊ नका, नाही तर काढ्यासारखी शिजकी चव लागते. थर्मामीटर फार महाग नसतो, घेऊन ठेवा. नसेल तर वाफ चांगली निघायला लागली आणि बोट घालवत नाही एवढं झालं की आच कमी करायची. यानं दोन कामं होतात. सालीतला रंग रसात उतरतो, आणि मी सांगितलं ते किण्व बरंचसं मरतं. आपल्या खायच्या काळ्या द्राक्षाचा रंग फक्त सालीत असतो, आतला गर पांढराच. म्हणून गरम न करता काढला तर रस फिकट निघतो. माझा पहिला रस तसाच फिकट होता.

४. गाळणं. स्वच्छ कापडातून गाळा. फार पिळू नका, गाळ उतरतो.

५. थंड करणं. लगेच बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून गार करा आणि फ्रीजमध्ये किंवा कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी तळाला गाळ बसतो. कधी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात. घाबरू नका, तो द्राक्षाच्याच आम्लाचा क्षार असतो. वरचा निवळ रस अलगद ओतून घ्या. आमच्याकडं त्या दिवशी रात्र नव्हतीच, म्हणून रस थोडा गढूळ राहिला. चवीला फरक पडला नाही.

६. टिकवणं. फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवायचा असेल तर एवढं पुरे. महिना-दोन महिने ठेवायचा असेल तर निवळ रस परत ८० ते ८५ अंशापर्यंत तापवून, उकळून घेतलेल्या काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच भरायचा, झाकण लावायचं आणि त्या बाटल्या गरम पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवायच्या. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. फुगलेलं झाकण, फेस, वास, यातलं काहीही दिसलं तर चाखून बघायचं नाही. ओतून द्यायचं.

७. शॉट. एक लिटर रसाला दोन-तीन लिंबं, दोन चमचे आल्याचा रस, अर्धा चमचा काळं मीठ, थोडी भाजलेल्या जिऱ्याची पूड. पुदिन्याची पानं चुरून घाला. साखर बिलकुल घालायची नाही, ती वेलीनं घातलेलीच आहे. ग्लासाची कड लिंबानं ओली करून मीठ-तिखटात बुडवायची. पेरूचा शॉट देतात ना हल्ली लग्नात, तशी. ग्लास ३० मिलीचा. एकदम गार द्यायचा.

आता पुतण्याचं छोट्या ग्लासाचं म्हणणं मला का पटलं ते. आपण द्राक्षाला फळ म्हणतो, आरोग्याला चांगलं म्हणतो, आणि ते आहेच. पण रसाच्या बाबतीत खोटं बोलू नये. १८ ब्रिक्सच्या रसात शंभर ग्रॅममागं सतरा-अठरा ग्रॅम साखर असते. बाजारातल्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण दहा-अकरा. म्हणजे आपला रस कोल्ड्रिंकपेक्षा गोड आहे. मोठा ग्लास भरून दिला तर शुगरवाल्याचं वाटोळं. पण ३० मिलीच्या ग्लासात साखर पाच-साडेपाच ग्रॅम, सव्वा चमचा समजा. कोल्ड्रिंकच्या २०० मिलीच्या बाटलीत वीसच्या वर. म्हणून द्राक्षाचा रस छोट्या ग्लासातच शोभतो. एवढ्याशा घोटात चव पूर्ण मिळते. शुगरचा पेशंट असेल त्याला तरी आधी सांगायचं आणि त्यानं आपलं आपण ठरवायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती आपण एकमेकांत बोलत नाही. माल कोणता वापरायचा?

आपल्याकडं मनाची एक सवय आहे. चांगला घड एक्स्पोर्टला, मधला लोकलला, आणि उरलंसुरलं, तडकलेलं, पडलेलं ते "रसाला चालतंय". नाही चालत. जमिनीवर पडलेला मणी घेऊ नका. तडकून बुरशी लागलेला मणी तर अजिबात नको. बुरशी जे विष सोडते ते उकळून जात नाही. सुटा मणी म्हणजे पॅकिंग करताना घडातून कातरीनं काढलेला, क्रेटमध्ये गळलेला, पण अखंड आणि स्वच्छ. तेवढाच घ्यायचा.

आणि फवारणी. शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत लेबलवर जेवढे दिवस सांगितलेत तेवढे गेलेत का, हे आपली वही उघडून बघायचं. धुतल्यानं वरची धूळ, वरचा अंश निघतो. आंतरप्रवाही औषध मण्याच्या आत असतं, ते कितीही धुतलं तरी निघत नाही. २०१० साल आठवतं ना? क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळं युरोपात आपले कंटेनर अडकले होते. कितीतरी घरं त्या वर्षी खाली बसली. त्यानंतर आपण शिकलो, उर्वरित अंशाचे रिपोर्ट काढायला लागलो. पण ते सगळं साहेबाच्या पोरासाठी. आपल्याच हळदीत आपल्याच नातवंडाला जो रस देणार, त्याच्यासाठी आपण रिपोर्ट बघतो का? मी त्या दिवशी वही उघडली आणि एक प्लॉट सोडून दिला. शेवटच्या फवारणीला फक्त सहा दिवस झाले होते. दुसऱ्या प्लॉटचे मणी घेतले. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. आदल्या दिवशीच्या रसाला मी वही उघडलीच नव्हती, हे पण खरं आहे.

आता पैशाचं बोलू. कारण असं काही लिहिलं की लगेच कुणीतरी म्हणतं, बघा, प्रक्रिया करा, शेतकरी सुखी होईल. मी असलं काही म्हणणार नाही. हिशोब करा. तीनशे पाहुणे, प्रत्येकी दोन ग्लास, सहाशे ग्लास. तीस मिलीप्रमाणे १८ लिटर. शंभर किलो मण्यांपासून साठेक लिटर रस निघतो. म्हणजे एका हळदीला लागले ३० किलो. बास. माझ्या एका एकराला हे मीठ-मिरची पण नाही. गावात एका हंगामात पन्नास लग्नं झाली आणि सगळ्यांनी केलं तरी दीड टन. याच्यानं भाव वाढत नाही. पाऊस पडून घड तडकला तर याच्यानं कर्ज फिटत नाही.

पण माझ्या घरचे ७ हजार २०० मधले साडेपाच हजार वाचले. मुलाकडच्या पाहुण्यांसाठी पाच बॉक्स ठेवले होते, त्यातले पण दोन उरले. मण्याचे ९ रुपयांनी धरले तर तीनशे रुपये सुद्धा नाहीत. लिंबं, आलं, गॅस, बर्फ, कागदी ग्लास मिळून हजाराच्या आत. आणि पाहुणे "हे काय आहे, कुठून आणलं" असं विचारत होते. नवऱ्या मुलाचे मामा नाशिकचे, हॉटेलवाले. त्यांनी मण्यांचा पत्ता घेतला. पुढं त्यांनी या हंगामात माझ्याकडून तीन वेळा मणी नेले, १८ रुपयांनी. फार नाही, पण दुप्पट.

विकायचा असेल तर मात्र रीतसर करा. अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी काढा, लेबल लावा. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगाची केंद्राची योजना २०२० साली आली, त्यात ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची सोय होती. आपल्या कृषी सहायकाला विचारून घ्या. घरच्या मांडवात पाहुण्याला देणं वेगळं आणि बाटली भरून दुकानात ठेवणं वेगळं.

शेवटी वाईनचा विषय. कारण शॉट म्हणलं की गाडी तिथंच जाते. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी वाईनची जात लावली. २००८-०९ ला मंदी आली, कारखान्यांनी माल उचलला नाही आणि बऱ्याच जणांनी त्या वेली उपटून टाकल्या. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायला मंत्रिमंडळानं मान्यता दिली तेव्हा एक बाजू म्हणत होती शेतकऱ्याचं भलं होईल, दुसरी म्हणत होती घरं बुडतील. दोघंही आपलं नाव घेत होते. पण किती जणांना माहीत आहे की वाईनचं द्राक्ष वेगळं आणि आपलं खायचं द्राक्ष वेगळं? कॅबरने, शिराझ, शेनिन यांचा मणी लहान, साल जाड, करार करून लावायचा. माझा थॉमसन, सोनाका, शरद वाईनवाल्याला नकोच आहे. राज्यातली बहुतेक द्राक्षं ताजी खाल्ली जातात, मग बेदाणा, आणि वाईनला जातो तो फार छोटा हिस्सा. मी वाईनच्या विरोधात नाही. ज्यांचा करार आहे, ज्यांना पैसे वेळेवर मिळतात, त्यांनी जरूर लावावं. पण खायच्या द्राक्षवाल्याला वाईनचं गाजर दाखवू नये. इथून घाट चढून सापुतारा गाठलं की गुजरात, तिथं राज्य झाल्यापासून दारूबंदी. तिथल्या पाहुण्याला वाईन देता येणार नाही, पण रस देता येईल. एवढं मोठं गिऱ्हाईक शेजारी बसलंय आणि आपण त्याला फक्त ताजा घड विकतो.

म्हणून माझं म्हणणं कृषी शास्त्रज्ञांना, केव्हीकेच्या साहेबांना आहे. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रानं मांजरी मेडिका नावाची रसाचीच जात काढलीय. तिचा गर सुद्धा रंगीत असतो, म्हणजे रंगासाठी गरम करायची कटकट कमी. आमच्याकडं चर्चासत्रं होतात ती सगळी औषधांची आणि मण्याच्या साइजची. वर्षातून एक तरी चर्चासत्र रसाचं घ्या. ते पण बायकांसाठी घ्या, कारण करणार त्याच आहेत. त्या दिवशी माझं चुकलं ते अज्ञानामुळं. ६० अंश आणि किण्व या दोन गोष्टी मला कुणी दहा वर्षांपूर्वी सांगितल्या असत्या तर ते कॅन फुगले नसते.

आणि शेतकरी मित्रांना म्हणणं एवढंच. परदेशी जातीच्या काडीला रॉयल्टी देऊन आपण एकरच्या एकर लावतो, कारण परदेशातल्या माणसाला ती आवडते. बांधाकडेला चार-पाच वेली घरासाठी पण ठेवा. त्यांच्यावर काय मारलं, कधी मारलं ते वेगळं लिहा. घरचं लग्न, सत्यनारायण, पोरांचे वाढदिवस, सगळं त्यात भागतं. भाव आपल्या हातात नाही, पाऊस आपल्या हातात नाही. आपल्या मांडवात पाहुण्याच्या हातात काय द्यायचं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

हळदीच्या रात्रीचं सांगायचं राहिलं. दुसरा रस तयार झाला तेव्हा साडेपाच वाजले होते. पहिला ग्लास मी आईकडं घेऊन गेलो. तिनं आधी वास घेतला. बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "तू पी आधी." मी प्यायलो. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग तिनं अर्धा घेतला. "आलं जास्ती झालं," म्हणाली. पण ग्लास रिकामा करून दिला.

पुतण्याचे मित्र पण प्यायले. त्यातले दोघं-तिघं नंतर गाड्यांकडं गेलेच, ते मी बघितलं. सगळे थांबतील असं मला वाटलंही नव्हतं. पण ट्रे फिरवणाऱ्या पोरांनी न घाबरता ट्रे फिरवले आणि मोजून बघितलं तर साडेपाचशेच्या वर ग्लास गेले.

या वर्षी आलं कमी केलंय. एप्रिलमध्ये वाडीत अजून दोन हळदी आहेत, दोन्हीकडून मणी मागितलेत. कुणाला रीत विचारायची असेल तर खुशाल विचारा. आणि माझं काही चुकत असेल तर जाणकारांनी हक्कानं सांगा.

— वणी, ता. दिंडोरी